प्राचीन ग्रीक इतिहासकारांवर किती विसंबावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतिहासाचे विद्यार्थी, शिक्षक आणि हौसेने वाचणारे वाचक यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कंसातले ७.१५२ यांसारखे आकडे म्हणजे ग्रंथातला भाग आणि प्रकरण. कोणत्याही भाषांतरात ते तेच असतात, त्यामुळे मूळ जागा लगेच सापडते.

ग्रीक इतिहासकार विश्वासार्ह आहेत की नाहीत, एवढंच सांगा ना.

लेखकाला गुण देऊ नका, विधानाला द्या. एकाच लेखकाच्या एकाच पानावर डोळ्यांनी पाहिलेलं, कुणाकडून ऐकलेलं आणि स्वतः रचलेलं शेजारी शेजारी असतं. म्हणून प्रत्येक विधानाला तीन प्रश्न विचारायचे. हे त्याला कळलं कसं? घटना आणि लेखन यांत किती वर्षं गेली? आणि त्याच्यावर अवलंबून नसलेला दुसरा पुरावा आहे का? मराठी वाचकाला ही पद्धत परकी नाही. शिवकालाबद्दल बखर काय म्हणते आणि समकालीन पत्र काय म्हणतं, हे वेगळं ठेवायची शिस्त आपल्याकडे राजवाड्यांच्या पिढीपासून आहे. ग्रीकांना तीच लावा.

हे इतिहासकार म्हणजे नेमके कोण? त्यांचं किती लेखन उरलंय?

हेरोडोटस हा हालिकार्नासस, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं बोद्रुम, इथला. जन्म इ.स.पू. ४८४च्या सुमारास. इराणी स्वाऱ्यांवरचा त्याचा ग्रंथ नऊ भागांत पूर्ण मिळतो. थ्युसिडिडीस अथेन्सचा. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या इ.स.पू. ४३१ ते ४०४च्या पेलोपोनेशियन युद्धावर त्याने लिहिलं, पण मजकूर ४११मध्ये मधेच तुटतो. झेनोफोनने तिथून धागा उचलून ३६२पर्यंत नेला. पॉलिबियसने रोमच्या उदयावर चाळीस भाग लिहिले, त्यांतले पहिले पाचच अखंड आहेत. डायोडोरसच्या चाळिसांपैकी पंधरा उरले. प्लूटार्क आणि एरियन रोमन साम्राज्याच्या काळातले.

हरवलेल्यांची यादी याहून मोठी आहे. हेकाटियस, एफोरस, थिओपॉम्पस, टिमियस, अलेक्झांडरचे जवळजवळ सगळे सोबती. यांचे ‘तुकडे’ मिळतात असं वाचाल तेव्हा जपून. तुकडा म्हणजे फाटलेला मूळ कागद असेलच असं नाही. बहुतेक वेळा नंतरच्या लेखकाने दिलेला तो सारांश असतो. इराणी दरबारातला ग्रीक वैद्य टीसियस याचा इराणवरचा तेवीस भागांचा ग्रंथ आपल्याला मुख्यतः नवव्या शतकातल्या फोटियसच्या संक्षेपातून माहीत आहे. त्यात इराण्यांविरुद्धची प्लाटियाची लढाई सॅलमिसच्या आरमारी लढाईच्या आधी येते, जी खरं तर एक वर्ष नंतर झाली. ही चूक टीसियसची की संक्षेप करणाऱ्याची, हे मूळ ग्रंथ नसताना ठामपणे ठरवता येत नाही.

हेरोडोटसला पुष्कळ जण थापाड्या म्हणतात. ते बरोबर आहे का?

नाही, आणि हा शिक्का पुसायला हवा. त्याने आपल्या माहितीचे थर स्वतःच दाखवले आहेत. इजिप्तवरच्या भागात तो सांगतो की इथपर्यंत माझं पाहणं, माझा तर्क आणि माझी चौकशी होती, इथून पुढे इजिप्तचे लोक सांगतात ते देतो (२.९९). पुढे म्हणतो की सामेटिकस राजाच्या काळापासून ग्रीक लोक इजिप्तमध्ये वसले, म्हणून तेव्हापासूनचं आपल्याला नीट माहीत आहे (२.१५४). हा राजा इ.स.पू. ६६४मध्ये गादीवर आला. हेरोडोटसने आखलेली ही रेघ आजच्या इजिप्त-अभ्यासालाही पटते. तिच्या अलीकडचे राजे आणि त्यांचा क्रम बऱ्यापैकी बरोबर आहे. पलीकडे गोंधळ आहे. मोठा पिरॅमिड बांधणारा खुफू त्याने रामसेस नावाच्या राजांच्याही नंतर टाकलाय, म्हणजे हजाराहून जास्त वर्षं पुढे. एकाच ग्रंथाच्या एकाच भागात भरवशाची पातळी अशी बदलते.

आता काही ठिकाणं जवळून पाहू.

इराणमध्ये दरायस सत्तेवर कसा आला ही हकिगत हेरोडोटस देतो: तोतया राजा, त्याच्याविरुद्ध सात सरदारांचा कट, तोतयाचा खून (३.६१ ते ३.८८). खुद्द दरायसने हीच घटना बेहिस्तूनच्या कड्यावर तीन भाषांत कोरून ठेवली आहे. खुनाची तारीख इ.स.पू. ५२२च्या सप्टेंबरअखेरची. हेरोडोटसने साधारण नव्वद वर्षांनी लिहिलं, त्याला इराणी भाषा येत नव्हती. तरी दरायसच्या सहा साथीदारांपैकी पाच नावं शिलालेखाशी जुळतात. सहाव्या जागी शिलालेखात अर्दुमनिश आहे, हेरोडोटसकडे अस्पाथिनिस. आणि हा अस्पाथिनिससुद्धा काल्पनिक नाही, दरायसच्या थडग्यावर त्याचं नाव कोरलेलं आहे. म्हणजे दरबारातला खरा माणूस चुकीच्या यादीत शिरला. एवढी माहिती तोंडोतोंडी नव्वद वर्षं टिकली हे विलक्षण आहे. मात्र इथे एक गोष्ट विसरू नका: शिलालेख ही दरायसची स्वतःची बाजू आहे. मारलेला माणूस तोतयाच होता की खरा राजपुत्र, यावर अभ्यासकांना आजही शंका आहे. दोन पुरावे जुळले म्हणजे दोघांच्या मुळाशी एकच सरकारी कहाणी असू शकते.

नाईलवरच्या मालवाहू होड्यांचं वर्णन (२.९६) बरीच वर्षं कोड्यात टाकणारं होतं. बाभळीच्या लाकडाच्या दोन-दोन हात लांबीच्या फळ्या, विटांसारख्या रचलेल्या, लांब खुंट्यांनी जोडलेल्या, आतून पपायरसने बुजवलेल्या, आणि सुकाणू होडीच्या तळकण्यातून आरपार गेलेलं. अशी होडी कुणी पाहिली नव्हती. इजिप्तच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली गेलेल्या थोनिस-हेराक्लिऑन बंदरात सापडलेल्या सतराव्या क्रमांकाच्या जहाजाचा अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला, आणि बांधणी या वर्णनाशी जुळली.

तिसरं उदाहरण सगळ्यांत बोलकं. इजिप्तच्या नेको राजाने पाठवलेले फिनिशियन खलाशी आफ्रिकेला वळसा घालून आले, अशी बातमी तो देतो (४.४२). पश्चिमेकडे जाताना सूर्य आमच्या उजव्या हाताला होता, असं ते सांगत. हेरोडोटस म्हणतो, हे मला पटत नाही. पण विषुववृत्ताच्या बऱ्याच खाली पश्चिमेकडे जाणाऱ्याला दुपारचा सूर्य उत्तरेला, म्हणजे उजवीकडेच दिसतो. न पटलेली गोष्ट त्याने गाळली नाही, म्हणूनच आज ती सफरीच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा ठरते. ऐकलेलं सांगणं माझ्यावर बंधनकारक आहे, ते सगळं मानणं नाही, हे तत्त्व त्याने स्पष्ट लिहिलंय (७.१५२).

दुसरी बाजूही आहे. बाबिलोनच्या तटाचा घेर तो ४८० स्टेड देतो, म्हणजे पंच्याऐंशी किलोमीटरच्या आसपास, आणि वेशी शंभर. उत्खननात तटाची एकूण लांबी १८ किलोमीटरच्या आसपास निघाली. आतल्या शहराच्या वेशी तिथल्याच मातीच्या पाट्यांवरच्या लेखांनुसार आठ. तो बाबिलोनला गेला होता का, हा प्रश्न यातूनच उभा राहतो.

ग्रीसवर चालून आलेल्या इराणी राजा झर्क्सीसच्या फौजेचा आकडा ५२ लाख कसा?

बेरीज हेरोडोटसने स्वतः मांडली आहे (७.१८४ ते ७.१८७). पायदळ १७ लाख, घोडदळ ८० हजार, उंट आणि रथांवरचे २० हजार, १,२०७ लढाऊ जहाजांवर प्रत्येकी २०० खलाशी आणि ३० सैनिक, ३,००० लहान जहाजांवर प्रत्येकी ८०, वर युरोपातली भरती. एकूण २६,४१,६१०. नोकरचाकर तेवढेच धरून दुप्पट: ५२,८३,२२०. बेरीज बरोबर आहे, पण तिच्यात घातलेली रक्कमच फसवी आहे.

पायदळाचा आकडा मोजायची रीत तो देतो ती अशी. दहा हजार माणसं दाटीवाटीने उभी करून भोवती रेघ ओढली, बेंबीइतक्या उंचीची भिंत घातली, आणि ते कुंपण १७० वेळा भरलं. मोजणी खरी झाली असली तरी पहिले दहा हजार खरोखर दहा हजार होते का, यावर सगळं अवलंबून. जहाजांचा १,२०७ हा आकडा एस्किलसच्या इ.स.पू. ४७२च्या नाटकातही येतो. दोन ठिकाणी मिळाला म्हणून तो पक्का होत नाही, कारण हेरोडोटसला ते नाटक माहीत असणं अगदी शक्य आहे.

साधं गणित करून पाहा. १७ लाख माणसं चार-चारच्या रांगेने, दोन रांगांत एक मीटर अंतर ठेवून चालली तर फौज ४२५ किलोमीटर लांब होते. त्यात जनावरं आणि गाड्या धरलेल्या नाहीत. धान्याचा हिशोब करताना तर तो स्वतःच चुकतो. माणशी रोज एक खोइनिक्स (धान्याचं माप), ४८ खोइनिक्सचा एक मेडिम्नॉस, म्हणजे ५२,८३,२२० भागिले ४८, उत्तर १,१०,०६७. तो लिहितो १,१०,३४०. आजचे अंदाज साधारण ६० हजारांपासून तीन लाखांपर्यंत पसरलेले आहेत, आणि तेही पाणी, रस्ते आणि रसद यांवरून काढलेले. या बाबतीत कुणी एकच नेमका आकडा छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्याकडे हिशोब मागा.

मग थ्युसिडिडीस तरी पूर्ण भरवशाचा?

जे तो सांगतो त्याबाबत बऱ्याच अंशी हो. जे गाळतो त्याबाबत फार सावध राहायला हवं.

त्याच्या बाजूने पुरावे मजबूत आहेत. अथेन्स, आर्गोस, मँटिनिया आणि एलिस यांच्यातला इ.स.पू. ४२०चा तह त्याने कलमांसकट उतरवला आहे (५.४७). त्याच तहाचा तुटका शिलालेख अथेन्समध्ये सापडला. शब्दांत किरकोळ फरक, मजकूर तोच. त्याने नोंदलेली ग्रहणं खगोलगणिताने तपासता येतात: सूर्यग्रहण ३ ऑगस्ट ४३१ (२.२८), चंद्रग्रहण २७ ऑगस्ट ४१३ (७.५०). दोन्ही बरोबर बसतात. अथेन्समधल्या ४३०च्या साथीचं वर्णन करताना तो सांगतो की मला स्वतःला ती लागण झाली होती (२.४८). अथेन्सच्या केरामाइकोस स्मशानात १९९४-९५च्या खोदकामात साधारण दीडशे माणसांना घाईने पुरलेला खड्डा मिळाला, तो याच वर्षांतला. रोग कोणता हे मात्र अजून ठरलेलं नाही. दातांमधल्या डीएनएवरून २००६मध्ये विषमज्वराचं नाव पुढे आलं, पण त्यावर हरकती आहेत.

आता मौन. इ.स.पू. ४२५/४मध्ये अथेन्सने मित्रराज्यांवरची खंडणी एकदम चढवली. थुडिपॉसच्या ठरावाचा दगड सापडलाय, एकूण रक्कम १,४६० टॅलेंटच्या (टॅलेंट म्हणजे चांदीचं मोठं वजन) वर. युद्धाच्या सुरुवातीला थ्युसिडिडीसने ती ६०० टॅलेंट सांगितली होती (२.१३). साम्राज्य आणि पैसा हे ज्याच्या ग्रंथाचे कणे, त्याने ही वाढ एका शब्दानेही नोंदवलेली नाही. दगड मिळाला नसता तर आपल्याला याची कल्पनाही आली नसती. थ्युसिडिडीसचा सगळ्यांत मोठा धोका हाच: तो इतक्या ठामपणे लिहितो, दोन पर्याय इतक्या क्वचित देतो, की त्याने निवडून काढलेलं जग हेच पूर्ण जग वाटू लागतं. हेरोडोटस निदान दुसरी बाजू समोर ठेवतो.

राग-लोभही आहेत. ४२४मध्ये तो सेनापती असताना ॲम्फिपोलिस हे शहर हातचं गेलं आणि त्याला वीस वर्षं हद्दपार राहावं लागलं (५.२६). क्लिऑन या पुढाऱ्याबद्दलची त्याची प्रत्येक ओळ तिखट आहे. क्लिऑनचा त्या शिक्षेशी संबंध होता असं थ्युसिडिडीस कुठेही म्हणत नाही, पण ते चित्र वाचताना ही पार्श्वभूमी लक्षात असू द्या. हद्दपारीचा फायदाही झाला. त्यामुळे स्पार्टाच्या बाजूच्या लोकांशी बोलता आलं, असं तो त्याच ठिकाणी सांगतो.

अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याचं युद्धात मेलेल्यांसाठीचं प्रसिद्ध भाषण शब्दशः खरं आहे का?

शब्दशः नाही. थ्युसिडिडीसने हे उघड सांगितलंय (१.२२): नेमके शब्द लक्षात ठेवणं मला आणि मला सांगणाऱ्यांना अवघड होतं, म्हणून प्रत्यक्ष बोललेल्याच्या एकूण आशयाला धरून, त्या प्रसंगी जे बोलणं योग्य वाटलं ते वक्त्याच्या तोंडी घातलं. या वाक्याची दोन टोकं एकमेकांना ओढतात, आणि प्रत्येक भाषण या दोहोंत कुठे बसतं ते वेगळं ठरवावं लागतं.

उपयोगी कसोटी म्हणजे श्रोते. ४३१च्या हिवाळ्यातलं पेरिक्लीसचं भाषण हजारोंनी ऐकलं, थ्युसिडिडीसही तेव्हा अथेन्सचा रहिवासी होता. आशय बराच धरलेला असावा. अथेन्सचे दूत आणि मेलोस बेटाचे पुढारी यांच्यातला ४१६चा संवाद बंद दाराआड मोजक्या लोकांत झाला, लेखक हद्दपार. तिथे संवादाची रचना त्याचीच मानावी. परीक्षेच्या उत्तरात ‘पेरिक्लीस म्हणाला’ ऐवजी ‘थ्युसिडिडीसचा पेरिक्लीस म्हणतो’ असं लिहिलंत तर चूक टळते.

झेनोफोनबद्दल एवढी तक्रार का?

गाळण्याबद्दल. तो स्पार्टाचा राजा एजेसिलेसचा चाहता होता. स्पार्टाचं कंबरडं मोडणारी ल्युक्ट्राची लढाई (इ.स.पू. ३७१) सांगताना विजयी थिबन सेनापती एपामिनोंडसचं नाव त्याने घेतलेलं नाही. अथेन्सच्या मित्रराज्यांच्या दुसऱ्या संघाची स्थापना पूर्ण वगळली, जिची सनद ३७७च्या शिलालेखात आज वाचता येते.

१९०६मध्ये इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यातून एका अनामिक ग्रीक इतिहासाचा पपायरस निघाला. त्यात स्पार्टा आणि इराणी यांच्यातली सार्डिसजवळची ३९५ची लढाई वेगळीच आहे: झेनोक्लीस नावाच्या अधिकाऱ्याने रात्री दबा धरला आणि इराणी सापळ्यात आले. झेनोफोनच्या हकिगतीत दबा नाहीच. डायोडोरसकडे मात्र झेनोक्लीस आणि दबा दोन्ही आहेत. म्हणजे दोनास एक? तसं नाही. डायोडोरसची माहिती एफोरसमार्गे याच अनामिक ग्रंथातून आली असावी, तेव्हा सामना एकास एकच. आणि झेनोफोन बहुधा त्या सैन्यातच होता. हा वाद अजून सुटलेला नाही.

अलेक्झांडरबद्दलचं किती खरं मानायचं?

इथे अंतर लक्षात घ्या. अलेक्झांडर इ.स.पू. ३२३मध्ये वारला. आपण वाचतो ते डायोडोरस तीनशे वर्षांनंतरचा, प्लूटार्क आणि एरियन चारशेहून अधिक वर्षांनंतरचे. सोबत्यांचे ग्रंथ हरवले. एरियनने आपला नियम सुरुवातीलाच दिलाय: अलेक्झांडरचे सोबती टॉलेमी आणि अरिस्टोब्युलस जिथे एकमत, ते खरं मानलं. टॉलेमीवर भरवसा का, तर तो राजा झाला आणि राजाला खोटं बोलणं अधिक लाजिरवाणं. हे कारण आज कुणी स्वीकारणार नाही, कारण सिंहासनाच्या स्पर्धेतल्या माणसाला इतिहास वळवायची गरज सर्वांत जास्त असते. आणि हेच दोघे सिवाच्या वाळवंटात वाट कुणी दाखवली यावर जुळत नाहीत. टॉलेमी म्हणतो दोन नागांनी, अरिस्टोब्युलस म्हणतो दोन कावळ्यांनी (३.३).

ॲमेझॉन राणी अलेक्झांडरला भेटल्याची कथा प्लूटार्क सांगतो आणि ती मानणाऱ्या-नाकारणाऱ्या लेखकांची यादीही देतो. वर अशी आठवण नोंदवतो की ही गोष्ट लायसिमॅकसला वाचून दाखवली तेव्हा तो हसून म्हणाला, ‘मग मी तेव्हा कुठे होतो?’ लायसिमॅकस अलेक्झांडरचा अंगरक्षक होता.

भक्कम आधार ग्रीकांबाहेरून मिळतो. बाबिलोनचे ज्योतिषी रोजच्या आकाशाबरोबर राजकीय घटनाही मातीच्या पाट्यांवर टिपत. गौगामेलाची लढाई १ ऑक्टोबर ३३१ आणि अलेक्झांडरचा मृत्यू ११ जून ३२३, या तारखा आपण त्यांच्यामुळे एवढ्या नेमक्या सांगतो. गौगामेलाच्या पाटीत इराणचा राजा दरायस तिसरा पळाल्यावर भर नाही, त्याच्या सैन्याने त्याला सोडल्याची नोंद आहे.

पॉलिबियस कुणी वाचावा?

स्रोत कसे तपासायचे हे शिकायचं असेल त्याने. बाराव्या भागात तो अलेक्झांडरच्या सोबतचा इतिहासकार कॅलिस्थेनिस याने केलेल्या इससच्या लढाईच्या वर्णनाची चिरफाड करतो. मैदान १४ स्टेड रुंद, इराणी घोडदळ ३० हजार. पॉलिबियस मोजतो: आठ घोडे खोल रांग आणि तुकड्यांमधली मोकळी जागा धरून एका स्टेडमध्ये ८०० स्वार मावतात, चौदांत ११,२००. मग ३० हजार मावायला जवळजवळ तीन फळ्या एकामागे एक लावाव्या लागतील, आणि भाडोत्री पायदळाला जागाच उरत नाही. हॅनिबलच्या फौजेसाठी त्याने हॅनिबलनेच कोरवलेला ब्राँझवरचा लेख पाहून आकडे घेतले: इटलीत उतरताना २० हजार पायदळ, ६ हजार घोडदळ (३.५६). एवढा काटेकोर माणूस एटोलियन लोकांचं नाव आलं की तोल सोडतो. तो त्यांच्या शत्रू असलेल्या अकियन संघाच्या पुढाऱ्याचा मुलगा होता.

नकला करताना मजकूर बदलला असेल तर?

हेरोडोटसचं सर्वांत जुनं मोठं हस्तलिखित दहाव्या शतकातलं, म्हणजे मूळ लेखनानंतर तेराशेहून जास्त वर्षांनी. पण रोमन काळातल्या पपायरसांवर त्याचे उतारे मिळाले आहेत आणि मजकूर एकंदर तोच आहे. धोका आकड्यांत आणि नावांत. ग्रीक आकडे अक्षरांनी लिहीत, एक अक्षर चुकलं की दहाचे शंभर होतात. म्हणून एकाकी आकड्यावर निष्कर्ष उभारू नये. स्टेडसारखं मापही जागोजाग बदलतं, साधारण १७७ ते १९२ मीटर.

शिलालेख सापडला की वाद मिटतो ना?

कधीकधी वाढतो. ट्रोझेन या ग्रीक गावातला दगड १९६०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस याचा इ.स.पू. ४८०चा ठराव आहे: शहर रिकामं करा, जहाजांवर चढा. हेरोडोटसकडे हे थर्मोपिलीच्या लढाईनंतर घाईने होतं, दगडाप्रमाणे आधीच ठरलेलं. पण अक्षरं इ.स.पू. तिसऱ्या शतकातली आहेत. खऱ्या ठरावाची उशिराची नक्कल, की देशाभिमानाने नंतर रचलेला मजकूर, यावर तज्ज्ञांत फूट आहे. दगडालाही तेच तीन प्रश्न विचारावे लागतात.

उलट उदाहरण इस्तंबूलच्या जुन्या शर्यतीच्या मैदानातल्या सर्पस्तंभाचं. मूळचा तो ग्रीसमधल्या डेल्फी या तीर्थक्षेत्राचा, प्लाटियाच्या विजयानंतर उभारलेला. त्यावर ३१ नगरांची नावं आहेत. टिनोस बेटाचं एक जहाज सॅलमिसच्या आधी ग्रीकांना येऊन मिळालं म्हणून त्यांचं नाव तिथे कोरलं गेलं, असं हेरोडोटस सांगतो (८.८२). टिनोसचं नाव आज तिथे वाचता येतं.

भारताबद्दल मेगॅस्थेनिसने लिहिलेलं पाठ्यपुस्तकांत येतं. ते कितपत धरावं?

त्याचा ग्रंथ हरवला आहे. एरियन, स्ट्रॅबो आणि डायोडोरस यांनी घेतलेले उतारेच आहेत, आणि स्ट्रॅबो तर त्याला खोटारड्यांत काढतो. पाटलीपुत्राबद्दल मात्र तो पाहून बोलतो: ८० स्टेड लांब, १५ रुंद, लाकडी तट, ५७० बुरूज, ६४ दरवाजे. पाटण्यात बुलंदीबाग इथे लाकडी तटबंदीचे अवशेष मिळालेच. बुरुजांची संख्या तपासायला साधन नाही.

समाजाबद्दलची विधानं वेगळी. भारतात गुलाम नाहीत, असं तो म्हणतो. अशोकाचे लेख दास आणि नोकरांशी नीट वागायला सांगतात, म्हणजे दास होते. ग्रीक गुलामगिरीसारखी व्यवस्था त्याला दिसली नाही, एवढाच अर्थ घेता येतो. बिनतोंडाच्या, वासावर जगणाऱ्या माणसांची गोष्ट ऐकीव आहे, आणि तिच्यामुळे तटबंदीचं वर्णन फेकून देऊ नये.

महाराष्ट्राबद्दल ग्रीकांनी काही लिहिलंय का?

इतिहासकारांनी नाही, पण पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासूनच्या प्रवासाचं माहितीपत्रक लिहिलं, त्यात पैठण, तेर, सोपारा आणि कल्याण आहेत. भडोचपासून पैठण दक्षिणेला वीस दिवसांवर, तिथून तेर पूर्वेला दहा दिवसांवर, माल गाड्यांवरून येतो, असं तो सांगतो. तेर खरं तर आग्नेयेला आहे. बंदरांबाबत तो फार नेमका, देशावरच्या वाटा ऐकीव. कल्याणला ग्रीक जहाज आलं तर पहाऱ्यात भडोचला नेतात, ही तक्रार व्यापाऱ्याचीच आणि म्हणून मोलाची. त्याने सांगितलेला भडोचचा राजा नहपान मानला जातो. त्याची नाणी नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १३ हजारांहून अधिक सापडली, आणि बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप पुन्हा मारली आहे. दोन राजवटींतला झगडा ग्रीक मजकुरात पुसट आहे, या चांदीत स्वच्छ. कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर यवन दात्यांची नावंही वाचून या.

एखादं विधान स्वतः तपासायचं तर सुरुवात कुठून?

‘थर्मोपिलीला तीनशे जण लढले’ हेच घ्या.

आधी मूळ जागा काढा. हेरोडोटस ७.२०२ आणि २०३. पर्सियस या मोफत संकेतस्थळावर ग्रीक मूळ आणि इंग्रजी भाषांतर आहे. मग पूर्ण यादी वाचा: स्पार्टाचे ३००, टेगिया ५००, मँटिनिया ५००, ऑर्कोमेनस १२०, उरलेलं आर्केडिया १,०००, कॉरिंथ ४००, फ्लायस २००, मायसिनी ८०. पेलोपोनेस या ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाची बेरीज ३,१००. शिवाय थेस्पियाचे ७००, थीब्जचे ४००, फोकिसचे १,००० आणि लोक्रिसचे लोक.

आता त्याच ग्रंथातली दुसरी नोंद शोधा. रणभूमीवरच्या स्मारकाचा लेख तो पुढे उतरवतो (७.२२८), त्यात पेलोपोनेसचे ४,००० आहेत. ९०० कमी पडले. दुसरा लेखक बघा: डायोडोरस (११.४) तीनशे स्पार्टनांखेरीज लॅकोनियाच्या आणखी हजार माणसांचा उल्लेख करतो. त्याने तूट साधारण भरते. पण डायोडोरसने त्याच स्मारकलेखाशी जुळवून आकडा बसवला असेल का, हेही विचारा. स्मारकातला शत्रूचा आकडा ‘तीस लाख’ आहे, म्हणजे ते पद्य गौरवासाठी आहे, हजेरीपट नाही. शेवटच्या दिवशी तर स्पार्टनांबरोबर थेस्पियाचे सातशे स्वखुशीने थांबले आणि मेले. त्यांचं नाव घ्यायचं राहू नये.

अथेन्सच्या शिलालेखांची भाषांतरं ‘अटिक इन्स्क्रिप्शन्स ऑनलाइन’वर मोफत मिळतात.

संदर्भ देताना पान क्रमांक द्यावा का?

नको. आवृत्तीगणिक पानं बदलतात. लेखक, भाग, प्रकरण एवढं द्या: हेरोडोटस ७.२०२. वर्ष ४२५/४ असं दिसलं तर घाबरू नका. अथेन्सचं वर्ष उन्हाळ्याच्या मध्याला सुरू होई, त्यामुळे ते आपल्या दोन वर्षांत विभागलं जातं. आणि इ.स.पू. लिहायला विसरू नका, कारण प्लूटार्क आणि एरियन इसवी सनातले आहेत.